अक्साच्या वाळूतल्या गोळ्या आणि खेकड्यांच्या विष्ठेचे जीवाश्म

मालाडची_स्नेहा
अक्सा बीचवर ओहोटीला ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसते. माझा सातवीतला मुलगा म्हणतो, ही खेकड्यांची शी आणि पुढे तिचेही जीवाश्म होणार. डायनासोरच्या विष्ठेचे जीवाश्म ऐकून आहे, पण एवढ्याशा खेकड्याचे? सापडले तरी ते ओळखतात कसे?

निवृत्त_भूशास्त्र_मास्तर
स्नेहाताई, त्या गोळ्या पोटातून आलेल्याच नसतात. हे छोटे खेकडे वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतात आणि उरलेली वाळू गोळी करून टाकतात. पुढच्या भरतीला सगळं पुसलं जातं.

खऱ्या विष्ठेचे जीवाश्म मात्र होतात, आणि विद्यार्थ्यांना ते दाखवताना मला फार आनंद व्हायचा. कण बहुधा मिलिमीटरच्या आसपासचे, चुनखडकात नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढे. म्हणून खडकाचा काप काचपट्टीवर चिकटवून ०.०३ मिमी जाडीपर्यंत घासायचा. मग उजेड आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली कणाच्या आडव्या छेदात भोकं दिसतात, कमळकाकडी कापल्यावर दिसतात तशी. ही कणाच्या लांबीभर गेलेल्या नळ्यांची तोंडं. नळ्या किती, तोंडं गोल की कोयरीसारखी वाकडी, डावी-उजवी बाजू जुळते का, यावरून प्रकार ठरतो. गोलसर आणि पुष्कळ नळ्या असतील तर फावरेइना, चंद्रकोरीसारख्या वाकड्या असतील तर पॅलॅक्सियस.

फावरेइना हे नाव पॉल ब्रॉनिमान यांनी १९५५ साली क्युबातल्या खडकांवर काम करताना दिलं. पण त्याआधीच, १९३२ साली, एच. बी. मूर यांनी शंखात राहणाऱ्या खेकड्यांच्या गटातल्या जिवंत प्राण्यांची विष्ठा तपासली होती. जिवंत प्राण्याशी पडताळता येतं म्हणूनच या ओळखीवर माझा भरवसा आहे.

काळा_पाषाण
सर, काप तिरका गेला तर?

निवृत्त_भूशास्त्र_मास्तर
तर भोकं ताणलेली दिसतात, आणि उभा गेला तर नुसत्या समांतर रेघा. दोन्हींवरून प्रकाराचं नाव देऊ नये, नीट आडवा छेद मिळेपर्यंत थांबावं. नळ्याच नसतील तर आणखी सावध राहा, कारण साध्या गोळ्या किडे आणि शंखशिंपलेही टाकतात.

मालाडची_स्नेहा
मुंबईत सापडतील का? मुलगा हातोडी घेऊन बसलाय!

निवृत्त_भूशास्त्र_मास्तर
आपला बहुतेक खडक लाव्हाचा. वरळीला लाव्हाच्या थरांमध्ये तळ्यातला गाळ आहे, त्यातल्या बेडकाच्या जीवाश्माचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केलं. पण ते गोड्या पाण्यातलं, आणि फावरेइना प्रामुख्याने उथळ समुद्राच्या चुनखडकात मिळतो. हातोडी ठेवू दे आणि एक भिंग घेऊन द्या. अक्सालाच ओहोटीत बिळांच्या तोंडाशी लांबट कण दिसले तर ते त्याने निरखावेत.