साडेचार वर्षांची लेक, डोक्याला मार: थेरपी आत्ता की शाळेनंतर? (सांगली, महिना ३,०००)

वृंदा_सांगली: लेक स्कूटरवरून पडली, मेंदूत रक्तस्राव झाला, ऑपरेशन झालं. आता चालते, बोलते. सगळे म्हणतात, लहान आहे, भरून निघेल. पण एका जागी बसत नाही, लगेच चिडते. जूनमध्ये शाळा. चाचण्या, थेरपी कुठे करू? महिना ३,००० च्या वर झेपणार नाही.

अप्पा_मिरज: ताई, घाबरू नका. आमचा पुतण्या सहाव्या वर्षी माडीवरून पडला, आज इंजिनीअर आहे. ब्राह्मीचं तूप द्या.

सई_पुणे: आम्ही पुण्यात ४५ हजारांचं पॅकेज घेतलं. पैशाकडे बघूच नका.

फिजिओ_माधुरी: सई, बजेट वाचा. अप्पा, ‘लहान आहे, भरून निघेल’ हे अर्धंच खरं. १९३० च्या दशकात मेंदूच्या संशोधक मार्गारेट केनार्डना दिसलं, की मेंदूचा हालचालींचा भाग काढलेली माकडाची पिल्लं मोठ्या माकडांपेक्षा बरी सावरतात. तिथून हा समज पसरला. जन्माच्या सुमारास मेंदूची डावी बाजू दुखावली तर भाषा बरीचशी उजवीकडे सरकते, हेही खरं. पण अपघाताचा मार बहुधा एकाच जागी नसतो. आणि लक्ष, संयम, आखणी सांभाळणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. जे अजून घडायचंय त्यातलं नुकसान आज दिसत नाही, चौथी-पाचवीत अभ्यास वाढला की दिसतं. तोवर मुलीला ‘आळशी’ म्हणून मोकळे होतात.

कोल्हापुरी_बाबा: हेल्मेट होतं का? २०२२ चा नियम आहे लहान मुलांसाठी.

अप्पा_मिरज: तो नऊ महिने ते चार वर्षांचा. ही साडेचारची.

कोल्हापुरी_बाबा: चारच्या पुढे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे सगळ्यांनाच लागतं!

नीलिमा_ठाणे: मुद्द्यावर या. वृंदाताई, सरकारी रुग्णालयात ‘डीईआयसी’ची (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं जिल्हा केंद्र) चौकशी करा. सरकारच्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंत तपासणी, थेरपी मोफत असते. मात्र तारखा लवकर मिळत नाहीत, आम्ही खूप ताटकळलो.

फिजिओ_माधुरी: बरोबर. डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅन शाळेत दाखवा. चाचणी आत्ता एकदा आणि तिसरी-चौथीत पुन्हा. शाळा चुकवू नका, सवंगड्यांत शिकणं हीही थेरपीच.

सई_पुणे: मीही तेच म्हणते, शाळेत घालाच.

अप्पा_मिरज: घालाच.

वृंदा_सांगली: सगळ्यांचे आभार. डीईआयसीत सोमवारी जातेय, चाचणीही करते. शाळा मात्र यंदा नाही. गोंगाटात ती कानावर हात ठेवून रडते. आमचं दोघांचं ठरलंय, पुढच्या जूनमध्ये बघू.