शब्दचर्चा : 'ल्यूली'ला मराठीत काय म्हणावं?

चिनी काचकलेवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात ल्यूली, बोली आणि ल्याओ असे तीन शब्द येतात (ही बोली भाषेतली नव्हे). तिन्हींना 'काच' म्हटलं आणि 'काचेच्या कौलांचा राजवाडा' असं वाक्य झालं. मनाला पटत नाही. कुणी सुचवाल का?

प्रतिसाद १
ताई, बीजिंगच्या राजवाड्याची ती पिवळी कौलं मातीचीच, वर चकचकीत झिलई. तिलाही चिनीत ल्यूलीच म्हणतात. तिथे बिनदिक्कत 'झिलईची कौलं' लिहा.

शब्द मात्र आपल्याच घरातून गेलाय. संस्कृतात वैडूर्य, पालीत वेळुरिय; बौद्ध ग्रंथांबरोबर तो चीनला पोचला आणि त्याचा ल्यूली झाला. बोलीचं मूळ स्फटिक, पालीतलं फलिक. म्हणजे दोन्ही आधी रत्नांची नावं, काचेला ती नंतर लागली. चीनमध्ये काच रत्नाची जागा घ्यायचीच. चांग्शाच्या आसपासच्या २,००० वर्षांहून जुन्या थडग्यांत मधोमध भोक असलेल्या काचेच्या चकत्या सापडल्या आहेत, थेट जेड या मौल्यवान दगडाच्या चकत्यांसारख्या.

प्रतिसाद २
मग सरळ 'वैडूर्य'च का लिहू नये?

प्रतिसाद १
नको. नवरत्नांतलं वैडूर्य म्हटलं की मराठी माणसाला लसण्या आठवतो, आणि ल्यूलीचा त्याच्याशी काही संबंध नाही. अपवाद एकच : भैषज्यगुरु बुद्ध. त्याचं नावच वैडूर्यप्रभ, तिथे तो शब्द ठेवायलाच हवा.

ल्याओ म्हणजे मुळात नुसता 'माल'. शानतुंगमधल्या बोशानला काच तयार व्हायची, तिच्या कांड्या बीजिंगला यायच्या आणि तिथले कारागीर त्या दिव्याच्या ज्योतीवर वितळवून वस्तू घडवायचे. म्हणून ल्याओ. याला मी 'काचकाम' म्हणेन.

प्रश्नकर्ती
फार उपयोग झाला. आता अडलंय ते तपकिरीच्या बाटल्यांपाशी. १६९६ मध्ये कांग्शी बादशहाने किलियन श्टुम्प्फ या जर्मन जेझुइट धर्मप्रचारकाच्या देखरेखीखाली शाही काचशाळा काढली, इथवर ठीक. पण पुढे दोन रंगांच्या काचेचं वर्णन आहे.

प्रतिसाद ३
अशी एक बाटली मी हातात घेऊन पाहिली आहे. मुठीत मावते. अंग दुधी, त्यावर लाल मासे. अंगठा फिरवला की माशाची कड लागते, आणि झाकणाला आतून तपकीर काढायचा इवलासा चमचा. ते मासे वरून चिकटवलेले नसतात. दुधी काचेवर लाल काचेचा अख्खा थर चढवतात आणि मग फिरत्या चाकावर, पाणी आणि कठीण खड्यांची भुकटी लावून, नको तेवढा लाल भाग घासून काढतात. जेड कोरायची हीच रीत. सुरीचं इथे काही काम नाही, म्हणून 'कापलेली काच' कृपया लिहू नका. 'लाल पुट चढवून कोरलेली काच' कशी वाटते?

प्रश्नकर्ती
'पुट' घेतलाच! आणि बोलीला 'बिलोरी'?

प्रतिसाद १
तिला साधी 'काच'च शोभते. बिलोरी फारसीतून आला, त्याआधी ग्रीक, आणि त्याच्याही मागे वेळुरिय, असं बहुतेक कोशकार मानतात. म्हणजे आपल्या बिलोरी आरशाचा चुलतभाऊ बोली नाही, ल्यूली आहे.