मदत हवी : म्युनिकमध्ये महालक्ष्म्यांचं जेवण, आणि आईची मूठ

नमस्कार मंडळी,

आम्ही दिग्रसजवळच्या खेड्यातले. घरी महालक्ष्म्या बसतात, आजीच्या सासूपासून. दादा-वहिनी म्युनिकला असतात आणि यंदा दोघांनाही सुटी नाही. म्हणून वहिनींनी ठरवलं की लक्ष्म्या गावीच बसू द्या, आपण तिकडे फोटोपुढे नैवेद्य दाखवायचा आणि ओळखीच्या मराठी लोकांना जेवायला बोलवायचं. बारा पानं होतील.

वहिनी सांगलीकडच्या. पुरणपोळी त्यांची आमच्यापेक्षा मऊ होते (हे आईसमोर बोलत नाही). पण आमच्यासारखी ज्वारीची आंबील त्यांच्या माहेरी नव्हती, आणि आमच्याकडे आंबिलीशिवाय ताट वाढतच नाहीत. गेल्या रविवारी त्यांनी करून पाहिली. पीठ रात्रभर ताकात भिजवलं, तरी आंबलं नाही. शिजवल्यावर खाली गुठळ्या, वर पाणी. दादानं मुकाट्यानं दोन वाट्या प्यायल्या म्हणे.

खरा गोंधळ मापाचा आहे. आई फोनवर सांगते, "माणशी एक मूठ पीठ, अन घरासाठी एक उपराची." वहिनी विचारतात, मूठ म्हणजे किती ग्रॅम? शेवटी मी हळद मोजायचा काटा ओट्यावर ठेवला आणि आईला परातीत मूठ टाकायला लावली. पहिली ४२ ग्रॅम, दुसरी ५१, तिसरी ४५. चौथ्या वेळी आईनं हात झटकला, "माहा हात मोजून राह्यला का बे?" आणि गेली गाईकडे. ताकाचं माप तर तिला शब्दात सांगताच येत नाही. पळी उचलते, धार पाहते, "हं, आता झालं" म्हणते. व्हिडिओ कॉलवर ती धार दिसत नाही. दिसते फक्त वाफ.

तर विचारायचं हे :

बारा जणांना पीठ किती आणि ताक-पाणी किती, ग्रॅम-लिटरमध्ये कुणी सांगेल का? त्यात आम्ही खोबऱ्याचे काप, शेंगदाणे, जिरं, आलं आणि हिरवी मिरची घालतो. लसूण नाही, नैवेद्याची आहे.

तिकडच्या थंडीत पीठ आंबवायचं कसं?

सोळा भाज्यांचं काय करता? पडवळ, गवार, अंबाडी तिकडे कुठून आणायची?

चौथं म्हणजे तूप. पुसदचा एक मुलगा पुढच्या आठवड्यात तिकडे जातो आहे. आईनं त्याच्यासाठी दोन किलोचा डबा भरून ठेवलाय. नेता येईल का?

वारही बघावा लागतो. २०२५ ला जेवणाचा दिवस १ सप्टेंबर, म्हणजे सोमवार होता. यंदाही कामाच्या दिवशी आला तर शनिवारी केलं तर चालेल का, यावर घरात दोन पक्ष आहेत. तो वाद इथे नको, स्वयंपाकाचं सांगा.

प्रतिसाद १

तुपाचा डबा काढून ठेवा, तो विमानतळावर कचऱ्यात जाईल. युरोपीय संघाबाहेरून प्रवासी सामानात दूध आणि दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे, तुपासकट. ताज्या भाज्या, विड्याची पानंही नकोत, त्यांना रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच त्यातून सूट आहे, म्हणजे ओटीचा नारळ खुशाल न्या.

तिथे बिनमिठाचं लोणी २५० ग्रॅमच्या पुडीत मिळतं. मंद आचेवर कढवलं की साधारण २०० ग्रॅम तूप पडतं. 'बुटरश्माल्त्स' नावानं तयारही मिळतं, पण त्याला बेरीचा वास नाही. आपल्याकडे पोळी तुपात बुडवून खातात, तेव्हा बारा पानांना पाच पुड्या तरी कढवा.

प्रतिसाद २

मी बारा वर्षं हॅनोवरला होते, आता परत अमरावतीला. मुठीनं मोजू नका वहिनी, मीही रडले आहे. बारा माणसांना वाटी-वाटी वाढायची तर ३०० ग्रॅम ज्वारीचं पीठ पुरतं. ते पाऊण लिटर आंबट ताकात सरसरीत कालवा. त्यांचं 'बुटरमिल्श' चालतं, दोन दिवस आधी फोडून ठेवा. ओव्हनचा फक्त दिवा लावा, ओव्हन नाही, आणि झाकलेलं पातेलं रात्रभर आत ठेवा. सकाळी वर बुडबुडे दिसतात. मग दीड लिटर पाण्याला उकळी आणून, एका हातानं धार सोडत, दुसऱ्यानं ढवळत शिजवा. धार थांबली तरी हात थांबवायचा नाही, गुठळ्या तिथेच होतात. निवल्यावर घट्ट होते, म्हणून पातळच उतरवा.

भाज्यांचं टेन्शन घेऊ नका. भेंडी आणि गवार फ्रोझन मिळते. कोहळ्याऐवजी सप्टेंबरात होक्काइडो भोपळा ढिगानं येतो, सालासकट शिजतो. अंबाडीऐवजी 'झाउअरआम्प्फर' घ्या, आपल्या चुक्याच्या जातीची आंबट पालेभाजी. आणि पुरणयंत्र नसेल तर 'फ्लोटे लोटे' मागा. जर्मन बाया त्यातून टोमॅटो गाळतात, आपण पुरण.

धागाकर्ता :

दोघांचेही खूप आभार. आईला वाचून दाखवलं. तूप जाणार नाही म्हटल्यावर जरा गप्प बसली, मग डबा उघडून म्हणाली, "मंग पोट्ट्याले इथंच जेवाले बोलाव." चुक्याला हरकत नाही. सोळा भरत नसतील तर पत्ताकोबी आणि फ्लावर वेगवेगळ्या धरायला सांगितल्यात.

एक शंका राहिली, आईचीच आहे. ओव्हनचा दिवा रात्रभर जळला तर बिल किती येतं?