पासवर्ड फुटला तेव्हा काय केलं? (अनुभव लिहा)

चार वर्षांआधी एका साइटवरून फवारणीचा पंप मागवला होता. मग तिकडे फिरकलोच नाही. मागच्या महिन्यात त्यांचा इंग्रजीत मेल आला, ग्राहकांची माहिती चोरीला गेली, पासवर्ड बदला. म्या म्हटलं, पंप तर कवाच बिघडला, आता काय चोरतात! पण तोच पासवर्ड फेसबुकलेही होता. तिसऱ्या दिवशी माह्या नावानं सोयऱ्यायले मेसेज: 'दवाखान्यात आहो, पाच हजार टाका.' साळ्यानं टाकले बी. फुटलेल्या यादीतला मेल-पासवर्ड घेऊन यंत्र एकेका कुलपाला लावून पाहते म्हणे. तुमचं काय झालं ते लिहा. साइटचं, बँकेचं नाव नको.

आर्वीकडून
माझा मेल आयडीच मुळात सेतूवाल्या दादांनी काढून दिलेला, 2019 मध्ये, मुलीच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी. पासवर्ड अर्ध्या गावाचा सारखाच, नावापुढे 123. रिकव्हरीला नंबर त्यांचा. मुलगी म्हणाली, आई, तुझा पासवर्ड फुटलेल्या यादीत आहे. बदलायला बसले तर ओटीपी दादांच्या फोनवर, आणि दादा गेलेले पुण्याला! ओटीपी कोणाला सांगू नका म्हणतात, इथं मीच मागत होते. दोन दिवसांनी फोन लागला. आधी रिकव्हरी नंबर माझा केला, मग पासवर्ड, मग सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट. दोन अनोळखी उपकरणं दिसली. एक सेतूचा कॉम्प्युटर निघाला. दुसरं कोणाचं, देव जाणे. पुढे मुलीनं सेटिंग उघडून दाखवलं, माझा येणारा प्रत्येक मेल कुठल्यातरी पत्त्यावर आपोआप जात होता. नुसता पासवर्ड बदलून हे बंद झालं नसतं. तेवढं सगळ्यांनी पाहाच.

धानोरा, गडचिरोली
आमच्याकडे ओटीपीसाठी टेकडीवर जावं लागते. खाली उतरेपर्यंत मुदत संपलेली. म्हणून पुतण्यानं ऑथेंटिकेटर ॲप टाकून दिलं. एकदा जोडलं की ओटीपीसारखे आकडे फोनातच तयार होतात, रेंज लागत नाही. फक्त फोनची वेळ बरोबर पाहिजे, आणि बॅकअप कोड, म्हणजे फोन नसला तरी खातं उघडून देणारे आकडे, कागदावर उतरवून ठेवा. फोन नाल्यात पडला की कळते.

वणीजवळून
माझ्या खात्यातून 18 हजार गेले, कापसाच्या चुकाऱ्याचे. मी ओटीपी दिला नव्हता, लिंक उघडली नव्हती. लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला, बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घेतली. माहिती आपण फोडली नसेल, बँकेचीही चूक नसेल, आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकावर येत नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात आहे. काउंटरवरच्या साहेबांना ते मलाच दाखवावं लागलं. पोच जपून ठेवा, बाकी बोलणं हवेत जाते.

दर्यापूर, शिक्षक
आपला मेल फुटलेल्या याद्यांत आहे का ते सांगणारी 'हॅव आय बीन पोन्ड' नावाची साइट आहे, तिच्यावर मेल टाकून पाहिला, चार ठिकाणी फुटलेला. आता प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड, पाठ होत नाही म्हणून वहीत, वही धान्याच्या कोठीमागे. पोट्टे हसतात. हसू द्या, कोठीपर्यंत कोणी इंटरनेटवरून येत नाही.

धागा काढणारा
वहीचं पटलं बुवा. मेलची सेटिंग आत्ताच पाहिली, माह्यावाली साफ आहे. साळ्याचे पाच हजार मात्र मीच भरले. बायको म्हणते, मेसेजमधल्या भाषेवरूनच त्याले कळाले पाहिजे होतं, हे आपले भाऊजी नाहीत, 'कृपया' कधी म्हणाले का ते?