पायाला फ्रॅक्चर, नाच बंद, डोकं ठिकाणावर नाही. काय करू?

सोळामात्रा:
कथक करते, विशारदच्या परीक्षेची तयारी चालू होती. नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, एप्रिल-मेचं सत्र गेलंच. पाय दुखलेला परवडला पण हे डोक्याचं नको असं झालंय, ग्रुपवर क्लासचे व्हिडिओ आले की फोन पालथा ठेवते, रात्री झोप नाही, सकाळी रियाजाची वेळ झाली की उगाच रडू येतं. घरचे म्हणतात आराम मिळालाय तर कर की. आमच्या क्लासच्या ताई आधीपासूनच सगळ्यांसमोर वजनावरून बोलायच्या, म्हणून रात्रीचं जेवण सोडलं होतं, आता हालचाल नाही म्हणून अजूनच कमी खाते. नाचत नसले तर मी करायचं काय, तेच कळत नाही.

मस्त_कलंदर:
एवढं काय त्यात, मन खंबीर ठेव, सकाळी ध्यान कर. लोकांना याहून मोठी दुखणी असतात.

गुडघेदुखी_डॉट_कॉम:
कलंदर, तुमचं ध्यान राहू दे बाजूला. मी फिजिओ आहे, नाचणाऱ्या मुली बऱ्याच येतात माझ्याकडे. सोळामात्रा, पाळी वेळेवर येते का? नाचाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर आधी पाळीवर काटकसर करतं, मग हाडं कमजोर होतात, आणि त्यातच झोप जाते, चिडचिड होते, सारखं रडू येतं. खेळाडूंमध्ये हे इतकं दिसतं की ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस असं नावच दिलं. त्यात हाड भरून यायलाही खाणं लागतंच. सगळंच मनाचं आहे असं धरून बसू नकोस.

ठुमरीवेडी:
माझा घोटा गेला होता तेव्हा मी पण असंच केलेलं, क्लासला तोंडच दाखवलं नाही, आणि त्यानेच जास्त बिघडलं. तू क्लासला जाऊन बस गं. हाताने ताल धरून तोंडाने बोल म्हण, पढंत कर, परीक्षेला ती लागतेच, आणि पाय चालू असताना आपण सगळ्या तिच्यात अळंटळं करतो, खोटं सांगत नाही. तोच तुकडा तीनदा म्हणून तिहाई बरोबर समेवर, पहिल्या मात्रेवर, येते का बघ, तेवढ्यात तास जातो. आणि बसून भाव कर. कथकचे शंभू महाराज बसल्या जागी ठुमरीच्या एकाच ओळीवर किती तऱ्हेने भाव दाखवायचे म्हणतात, आपल्याकडे बैठकीच्या लावणीत यमुनाबाई वाईकरांनी बसूनच अदा केली. त्याला कमी प्रतीचा नाच कोण म्हणेल? परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरला पण असते, पण आत्ता फॉर्मचा विचार नको. वजनावरून बोलणाऱ्या ताईंना मात्र आईला घेऊन जाऊन स्पष्ट सांग, सगळ्यांसमोर नको म्हणून. नाही ऐकलं तर क्लास बदल, पुण्यामुंबईत कथकचे क्लास काय कमी आहेत!

सोळामात्रा:
पाळी बरेच महिने नाहीये. मला वाटलं टेन्शनने असेल, डॉक्टरांना बोललेच नाही. पढंत कालपासून सुरू केली, धमार तालात, १४ मात्रांच्या, तिहाई दर वेळी घसरतेय.

गुडघेदुखी_डॉट_कॉम:
हाडाच्या डॉक्टरांना पाळीचं आणि जेवण सोडल्याचं दोन्ही सांग, गायनॅककडे पण जाऊन ये. आणि रात्री फारच वाईट वाटलं, जगणं नको वाटलं तर १४४१६ लाव, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं. एरवी पण लावलास तरी चालेल, तेवढं वाईट व्हायची वाट बघायला नको.

ठुमरीवेडी:
धमारात सगळ्यांचीच घसरते गं. लय अजून खाली घे.