शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून अध्यापनाविषयी शिकणे कसे साधावे?

प्रश्न : शिक्षिका, धारणी तालुका (मेळघाट)

नमस्कार. मी एका द्विशिक्षकी शाळेत पहिली व दुसरीचे वर्ग एकत्र शिकवते. केंद्राचा (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या समूहाचा), तालुक्याचा आणि आणखी दोन-तीन असे शिक्षकांचे गट माझ्या फोनवर आहेत. परंतु त्यांत येतात ती परिपत्रके, माहिती भरण्याच्या लिंक आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. मुलांना एखादी गोष्ट का जमत नाही, असे तेथे विचारले, तर तो प्रश्न कुठल्यातरी तातडीच्या तक्त्याखाली तासाभरात गडप होतो.

माझी अडचण नेमकी सांगते. माझी मुले घरी कोरकू बोलतात, आणि दुसरीतही ‘माझा आई आला’, ‘मोठा गाय’ अशी वाक्ये बोलतात व लिहितात. दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावरील, ‘निष्ठा’ या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचे पायाभूत साक्षरतेचे प्रशिक्षण मी पूर्ण केले, प्रश्नमंजूषेत आवश्यक असलेले ७० टक्के गुणही मिळवले, मात्र चित्रफितीला उलट प्रश्न विचारता येत नाही. नेटवर्क अधूनमधूनच मिळत असताना, दूरदूर विखुरलेल्या शिक्षकांनी एकमेकांकडून शिकावे यासाठी काय करता येईल?

उत्तर १ : शिक्षक, भामरागड तालुका

मॅडम, आपण मुलांची वाक्ये जशीच्या तशी दिली, म्हणून उत्तर देणे शक्य झाले. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. तिच्यात नामांची विभागणी सजीव आणि निर्जीव अशी होते. मराठीतील तीन लिंगांची व्यवस्था तेथे नाही. तेव्हा ‘माझा आई’ म्हणणारे मूल निष्काळजी नसते, त्याला मराठीची व्यवस्था अजून कोणी दाखवलेली नसते. आमच्याकडील माडिया ही भाषा गोंडीच्या, म्हणजे द्रविड कुळातील आहे. तिच्यात पुरुषवाचक नामे एकीकडे आणि स्त्रिया, प्राणी, वस्तू दुसरीकडे अशी वाटणी असल्यामुळे आमच्या मुलांचा गोंधळ अधिक करून स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग यांच्यात होतो. सर्वांसाठी तयार झालेल्या एकाच प्रशिक्षणातून या दोन्ही वर्गांची उत्तरे मिळतील, अशी अपेक्षा करणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून समान अडचण असलेल्या पाच-सहा जणांचाच गट करावा. मुलाचे वाक्य, आपण केलेला प्रयत्न आणि त्यानंतर काय घडले, एवढेच तेथे लिहावे किंवा बोलून पाठवावे. नेटवर्क नसताना पाठवलेला संदेश फोनमध्ये थांबतो आणि बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्यावर आपोआप जातो. उत्तर दोन दिवसांनी आले, तरी अशा चर्चेचे काही बिघडत नाही.

उत्तर २ : सेवानिवृत्त केंद्रप्रमुख, यवतमाळ जिल्हा

वरील सूचना चांगली आहे, तथापि ती अपुरी आहे असे माझे स्पष्ट मत आहे. वर्ग प्रत्यक्ष पाहण्याला पर्याय नाही. साताऱ्याच्या कुमठे बीटमधील (शाळांच्या विभागातील) ज्ञानरचनावादी, म्हणजे मुले स्वतः करून पाहत शिकतात असे वर्ग पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक स्वखर्चाने गेले, कारण मुले जमिनीवर बसून आपापल्या गतीने कशी शिकतात, हे ऐकून पटत नव्हते. १९९४ मध्ये केंद्रशाळा योजना आली, तिचा हेतूही जवळपासच्या शाळांतील शिक्षकांनी एकमेकांचे काम पाहावे हाच होता. पुढे शिक्षण परिषदेचा, म्हणजे केंद्रातील शिक्षकांच्या दरमहाच्या बैठकीचा, बराच वेळ सूचना वाचून दाखवण्यात जाऊ लागला. सूचना आता फोनवर आधीच पोहोचतात, तर परिषदेचा पहिला तास अशा छोट्या गटांच्या प्रश्नांना द्यावा, अशी मागणी शिक्षकांनीच लेखी करावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे म्हटले आहे. ते सगळे पडद्यासमोरच घालवावेत असा त्याचा अर्थ नाही.

उत्तर ३ : शिक्षिका, वर्धा जिल्हा

दोन गोष्टी सुचवते. वहीचे छायाचित्र पाठवताना मुलाचे नाव व चेहरा येऊ देऊ नये. दुसरे असे, की ज्या गटात अधिकारी असतात, तेथे शिक्षक यशोगाथाच पाठवतात आणि फसलेला पाठ कोणी मांडत नाही. केंद्रप्रमुख सर, आपल्या अनुभवाचा मान राखून सांगते, की असा गट शिक्षकांचाच असू द्यावा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. धारणी व चिखलदरा येथील चौघींना विचारले असून त्या तयार आहेत. भामरागडचे सर, लिंगाच्या या गोंधळावर आपण वर्गात नेमके काय करता?

उत्तर १ : शिक्षक, भामरागड तालुका

नियम सांगत नाही. पहिलीत कोणतेही नाम एकटे शिकवत नाही; ‘माझी आई’, ‘माझा भाऊ’, ‘माझं घर’ असे जोडूनच बोलून घेतो. नंतर मुले अंगणातील वस्तूंचे ‘माझा’, ‘माझी’, ‘माझं’ असे तीन ढीग करतात आणि प्रत्येक वस्तू उचलून पूर्ण वाक्य बोलतात. चुकीच्या ढिगात ठेवलेली वस्तू मी हलवत नाही. ते काम दुसऱ्या मुलाला देतो. आपल्या मुलांना प्राण्यांच्या नावांशी अधिक वेळ लागेल असा माझा अंदाज आहे. तेव्हा गाय, बैल, वासरू यांपासून सुरुवात करून त्यांची वाक्ये ध्वनिमुद्रित करून पाठवावीत.