परत करताना वाचक रेंगाळतो ते पुस्तक : ग्रंथालयातून निवृत्त झालेल्यांचे अनुभव

ग्रंथालयात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला पुस्तकांची एक वेगळी पारख येते. परीक्षणं वाचून ती येत नाही. कोणतं पुस्तक दुसऱ्याच दिवशी परत येतं, कोणतं मुदतवाढ घेत राहतं, कोणतं परत करताना वाचक टेबलाशी रेंगाळतो, हे रोज बघून ती येते. निवृत्तीनंतर ही पारख आपल्याबरोबर घरी बसू नये म्हणून हा धागा. नुसती यादी नको. कोणाला कोणतं पुस्तक दिलं, का दिलं आणि पुढे काय झालं, ते लिहा. सुरुवात मी करते.

देवघेव विभाग, सार्वजनिक वाचनालय

"काहीतरी हलकंफुलकं द्या हो" म्हणणाऱ्यांना मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' द्यायचे. बरेचजण नाव बघून बिचकायचे. १९३४ पासून भागांनी आलेलं आत्मचरित्र, त्यात धर्मांतर, ताटातूट, दारिद्र्य. हे हलकं कसं? पण बाईंचं सांगणं असं आहे की स्वयंपाकघरात शेजारी बसून ऐकतोय असं वाटावं. वडिलांच्या सोवळ्याओवळ्याचा जाच त्या सांगतात तेव्हा हसू येतं आणि दोन ओळींनी पोटात कालवतं. मी सांगायचे, "प्रस्तावना सोडा, बालपणापासून सुरू करा. नाही आवडलं तर उद्या बदलून देते." बदलायला आलेलं मला तरी कोणी आठवत नाही. आमची प्रत पुन्हा पुन्हा बाइंडिंगला जायची, शेवटी नवी मागवावी लागली.

शालेय ग्रंथपाल

पालक "संस्कार होतील असं पुस्तक द्या" म्हणतात आणि मुलं "गोष्टीचं द्या" म्हणतात. मी नेहमी मुलांच्या बाजूने.

'तोत्तोचान' मी मुलांना दिलंच, पण त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांना दिलं. पहिल्या शाळेतून काढून टाकलेली मुलगी रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेत येते आणि पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक कोबायाशी तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात. तेवढं एक प्रकरण वाचा, असं मी पालकांना सांगायचे. एक वडील पुस्तक परत करताना म्हणाले, "मी घरी दहा मिनिटंसुद्धा ऐकत नाही." त्यांनी ते पुन्हा स्वतःच्या नावावर नेलं.

थोड्या मोठ्या मुलांसाठी 'पाडस', राम पटवर्धनांचा अनुवाद. मूळ कादंबरी अमेरिकेतली, १९३८ ची. मराठी अशी की जंगलाचा वास येतो. मात्र शेवट जड आहे. ज्या मुलाचं पाळीव जनावर नुकतंच गेलंय त्याला ते देऊ नका, थोडं थांबा. हे कोणत्याही तालिकेत लिहिलेलं नसतं, मुलाशी बोलूनच कळतं.

ग्रंथालय परिचर

मी ग्रंथपाल नव्हतो. परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची, फडताळं पुसायची, हे माझं काम. पण एक गोष्ट मला टेबलावरच्या लोकांच्याही आधी दिसायची. पुस्तक मिटून त्याची मोकळी कड बघा. जिथवर बोटं लागलीत तिथवर कड काळवंडते. कित्येक जाडजूड, नावाजलेल्या कादंबऱ्यांचा सुरुवातीचा एक तृतीयांश हिस्सा मळलेला आणि पुढची सगळी कड पांढरीशुभ्र. लोक तिथवर गेले आणि परतले.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) अशी की शेवटच्या पानापर्यंत कड सारखीच काळी. म्हणून मी ती घरी नेली. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर, कारभारी, मेंढरं आणि शेवटी दुष्काळ. पुस्तक छोटं आहे, दोन बैठकांत होतं. माझं शिक्षण बेताचं, पण एकही वाक्य अडलं नाही. वाचनाची सवय मोडलेल्या माणसाला हेच द्यावं असं माझं ठाम मत आहे. नंतर टेबलावरचे लोकही मला विचारू लागले, "कड कुठवर काळी आहे?"

संदर्भ विभाग

पुस्तक सुचवताना आवृत्ती सांगायला विसरू नका, एवढंच मला भर घालून सांगायचं आहे.

उदाहरण विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'चं. १८५७ साली द्रव्य मिळवायला उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक बंडाच्या धामधुमीत सापडला आणि झाशीच्या वेढ्यातही होता. त्याने ते लिहून ठेवलं १८८३ च्या सुमारास. चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये ते छापलं ते मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून द. वा. पोतदारांनी संपादित केलेली प्रत १९६६ ची. अभ्यासासाठी हवं असेल तर ही दुसरी मागा. एका विद्यार्थिनीला मी दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून दिल्या. संध्याकाळी विभाग बंद करायची वेळ झाली तरी ती उठेना. तिने टिपणांत दोन रकाने केले होते आणि काय गाळलं, काय बदललं ते ओळीने मांडलं होतं. माझ्या नोकरीतला तो फार समाधानाचा दिवस.

महाविद्यालयीन ग्रंथपाल

रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला 'प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक' हा मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा. उद्धव शेळक्यांची 'धग' आमच्याकडे धूळ खात होती, कारण वऱ्हाडी बोली बघून मुलं पहिल्याच पानावर पुस्तक मिटायची. मी म्हटलं, मनात वाचू नका, मोठ्याने वाचा. चार-पाच पानांत कान सरावतो आणि मग कौतिकचा संसार सोडवत नाही. हे सांगायला लागल्यापासून ती प्रत क्वचितच जागेवर सापडे.

घरपोच सेवा पाहणारी

आजारपणाने अंथरुणाला खिळलेल्यांना मोठी कादंबरी पेलत नाही, हातालाही आणि मनालाही. त्यांना दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' न्यावं. महिन्यावार लेख आहेत. चालू महिन्याचा वाचायचा आणि खिडकीतून जे झाड दिसेल ते बघायचं. एक आजोबा मुदत संपली तरी पुस्तक सोडेनात. वर्ष पुरं करायचं म्हणत होते. ग्रंथपालांनी मुदतवाढ दिली आणि त्यांनी बाराही महिने वाचले.

देवघेव विभाग, सार्वजनिक वाचनालय

वाचून फार बरं वाटलं. परिचरांनी सांगितलेली कड मी आजच माझ्या कपाटातल्या पुस्तकांवर पाहिली. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'ची शेवटपर्यंत मळलेली आहे. १९३९ ची छोटी कादंबरी, युरोपातून निघालेल्या बोटीवर घडते. ज्यांना वेळ नसतो त्यांना मी हीच द्यायचे. राहिलेल्यांनी लिहा. बालविभागातल्या कोणाचं अजून आलेलं नाही.